देशी झाडे रोपवाटिकेत अडली आहेत

'देशी झाडे लावा' हे आता कुणाला पटवून द्यावे लागत नाही. सरकारी जाहिरातीत वड-पिंपळ असतात, कंपन्यांच्या फलकांवर 'स्थानिक प्रजाती' असे ठळक छापलेले असते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर कुणी गुलमोहराचा फोटो टाकला, तर तो मादागास्करचा आहे हे सांगणारा लगेच पुढे येतो. एके काळी टेकड्यांवरच्या परदेशी गिरिपुष्पाबद्दल तक्रार केली की 'हिरवे दिसतेय ना, मग अडचण काय?' असे ऐकावे लागे. त्या मानाने आपण बरीच मजल मारली आहे. तरीही जुलैमध्ये टेम्पोतून उतरणारी रोपे पाहावीत. करंज, कांचन, सप्तपर्णी, पेल्टोफोरम, फार तर थोडे कडुनिंब. बेहडा क्वचित, ऐन आणि धावडा जवळजवळ नाहीतच. मोह, बिबळा, अंजन, कुसुम, चारोळी ही नावे यादीत असतात, पण 'उपलब्धतेनुसार' या शेऱ्याखाली ती गळून पडतात.

लोकांना देशी झाडे हवी आहेत. ती मिळत नाहीत, आणि मिळाली तरी टिकत नाहीत. याचे कारण आपल्या वृक्षलागवडीची सगळी यंत्रणा, म्हणजे निविदा, मार्चअखेरचा खर्च, जुलैतला कार्यक्रम आणि पहिल्या उन्हाळ्यातली मोजणी, ही परदेशी झपाटवाढ झाडांच्या सवयींवर बेतलेली आहे. देशी झाडांचे बी, मूळ आणि वाढीचा वेग यांच्याशी तिचा मेळच बसत नाही. तो बसवायचा तर सुरुवात रोपवाटिकेपासून करावी लागेल.

ही यंत्रणा कुणी वाईट हेतूने उभी केली असे मी म्हणणार नाही. वनमहोत्सव १९५० मध्ये सुरू झाला, पण महाराष्ट्रात लागवडीला खरी घाई आली ती १९७२ च्या दुष्काळानंतर. गावांना सरपण हवे होते, गुरांना चारा हवा होता आणि उघड्या पडलेल्या टेकड्यांवर काहीतरी लवकर उभे राहायला हवे होते. पुढे सामाजिक वनीकरण आले. मेक्सिको-मध्य अमेरिकेतून आलेली सुबाभूळ आणि गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियातून आलेली निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ ही त्या गरजेची उत्तरे होती. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंनी सुबाभळीचा प्रचार केला तो चाऱ्यासाठी, कोरडवाहू शेतकऱ्याच्या गोठ्याकडे पाहून. गिरिपुष्प तर फांदी खोचली तरी जगते आणि गुरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपण नसलेल्या टेकडीवर ते सोयीचे पडले. गरज खरी होती. पण चुलीच्या जागी गॅस आला, सरपणाची ओढ कमी झाली, तरी रोपवाटिकेचे वेळापत्रक तेच राहिले. पुण्याच्या टेकड्यांवर मार्च-एप्रिलमध्ये चालून पाहा. गिरिपुष्पाची गर्दी निष्पर्ण उभी असते. त्याच दिवसांत एखादा जुना कुसुम किंवा पिंपळ कोवळ्या लाल पालवीने भरलेला असतो. त्या पालवीवर अळ्या असतात आणि अळ्यांवर पिल्ले वाढवणारे पक्षी. आपल्याकडची कित्येक झाडे पाऊस येण्याआधीच, ऐन उन्हाळ्यात पालवतात आणि फुलतात. पळस, पांगारा, काटेसावर फुलतात तेव्हा रानात दुसरे फारसे काही नसते. इथल्या पाखरांचे आणि कीटकांचे वर्षाचे गणित या झाडांवर बसलेले आहे.

आता बियांकडे येऊ, कारण घोडे पहिल्यांदा तिथेच पेंड खाते. सुबाभळीचे किंवा गुलमोहराचे बी कडक कवचाचे असते. डब्यात भरून ठेवले तर वर्षानुवर्षे टिकते. जानेवारीत काढायचे, गरम पाण्याची प्रक्रिया करायची, पिशवीत लावायचे, जुलैपर्यंत रोप तयार. सरकारी आर्थिक वर्षात हे चपखल बसते. मोहाचे तसे नाही. त्याचे फळ मेअखेरीपासून पिकून पडू लागते आणि बी काही आठवड्यांतच उगवण्याची ताकद गमावते. जांभळाची तीच गत, दोन-तीन आठवड्यांत कारभार आटोपतो. फणसाचे आणि कोकमाचे बी वाळले की संपलेच. कडुनिंबाची निंबोळीही फार दिवस ठेवता येत नाही. म्हणजे या झाडांचे बी ज्या आठवड्यात पडेल त्याच आठवड्यात वेचून, गर धुऊन, लगेच पेरावे लागते. जूनमध्ये पेरलेले रोप त्याच जुलैत लावण्याजोगे होत नाही. ते पुढच्या जुलैपर्यंत, मंद वाढणारे असेल तर त्याच्याही पुढच्या जुलैपर्यंत, रोपवाटिकेत सांभाळावे लागते. पाणी, सावली, मजुरी, पिशवी बदलणे हा सगळा खर्च वाढत जातो. फेब्रुवारीत निविदा काढून जुलैत रोप मागणाऱ्या खात्याला हे झाड कोण देणार? रोपवाटिकावाला तोट्यात जायला तयार नसतो, आणि त्यात त्याची चूकही नाही.

सगळ्याच देशी बिया अशा नाजूक नसतात. बहावा, खैर, बाभूळ, हिवर यांचे बी टिकाऊ आहे. पण ते उगवायला काहीतरी निमित्त लागते. बहाव्याची लांब काळी शेंग माकडे, कोल्हे, अस्वले फोडून गर खातात, आणि त्यांच्या पोटातून बाहेर पडलेले बी लवकर रुजते. बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात आणि रवंथ करताना बिया बाहेर टाकतात. शेळ्यांच्या वाड्यातून झाडून आणलेले बाभळीचे बी चांगले उगवते, हे जुन्या धनगरांना आणि वनमजुरांनाही ठाऊक असते. सागाचे फळ भिजवायचे, वाळवायचे, पुन्हा भिजवायचे, असे आलटून पालटून केल्यावर कुठे दाद देते. ही माहिती कुठल्या गूढ पोथीत दडलेली नाही. कातकरी, ठाकर, महादेव कोळी, गोंड, कोरकू वस्त्यांवर ती रोजच्या वापरातली आहे. आपल्या निविदांमध्ये मात्र त्यांच्यासाठी रकाना नाही.

बीनंतर मूळ. जंगलात आपोआप उगवलेले पळसाचे किंवा बिबळ्याचे रोप पहिल्या पावसाळ्यात जेमतेम वीतभर वर येते. हिवाळा सरता सरता त्याची पाने झडतात, कोवळा शेंडा वाळतो आणि मार्चमध्ये तिथे काही होते याची खूणही राहत नाही. जमिनीखाली मात्र सोटमूळ खोल गेलेले असते आणि जाड होत असते. पुढच्या पावसात त्याच मुळावरून नवा फुटवा येतो. तोही बहुधा वाळतो. असे काही वर्षे चालते. मग एखाद्या वर्षी मुळाकडे इतका साठा होतो की फुटवा उन्हाळा काढून दाखवतो, आणि तिथून झाड भराभर वर जाते. आठ महिने कोरड्या राहणाऱ्या मुलखात तग धरण्याची ही रीत आहे. खान्देशातला अंजन तर खडकाच्या भेगांतून मूळ उतरवून उभा राहतो. वरून मंद दिसणारे हे झाड त्या काळात खाली भरपूर काम करत असते.

हेच रोप आपण वीतभर उंचीच्या काळ्या पिशवीत लावतो. दीड वर्षाने पिशवी फाडून मातीचा गोळा हातात धरून पाहावा. सरळ खाली जायला निघालेले सोटमूळ तळाशी आपटून वळलेले असते आणि त्याने पिशवीच्या आतल्या बाजूने दोन-तीन वेढे घेतलेले असतात. कधी ते पिशवीच्या छिद्रातून वाफ्यातल्या जमिनीत घुसलेले असते आणि उचलताना खटकन तुटते. असे रोप लावले तर पहिली दोन वर्षे ते हिरवे दिसते. पण वेढा घेतलेले मूळ आपोआप सरळ होत नाही. झाड मोठे झाल्यावर वादळात ते का कोसळले याची चर्चा होते, तेव्हा पिशवीची आठवण कुणाला नसते. खोल, तळ उघडा असलेल्या साच्यात किंवा जमिनीपासून उचलून ठेवलेल्या मांडवावर रोपे वाढवली तर हवा लागून मुळाचे टोक तिथेच थांबते आणि बाजूची मुळे फुटतात. त्याला खर्च थोडा जास्त येतो. अनेक प्रजातींच्या बाबतीत तर जागेवरच बी टोकणे हा सर्वांत स्वस्त आणि चांगला उपाय आहे. पण टोकलेल्या बियांसोबत उद्घाटनाचा फोटो निघत नाही आणि 'रोपांची संख्या' या रकान्यात त्यांना जागा नसते.

रकान्याचा हा प्रश्न किरकोळ नाही. राज्य सरकारच्या वृक्षलागवड मोहिमेत २०१६ मध्ये १ जुलैला दोन कोटी झाडांचे उद्दिष्ट होते. २०१७ मध्ये ते चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी झाले. पुढे या मोहिमेच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमण्यात आली. किती झाडे जगली यावरून राजकीय पक्षांत भरपूर वाद झाला. कुठली लावली, कुठे लावली आणि चार वर्षांत इतकी कोटी रोपे कोणत्या बियांपासून तयार झाली, हे मात्र जवळजवळ कुणी विचारले नाही. एका वर्षात आकडा कित्येक पटींनी वाढवला की रोपवाटिकेपुढे एकच वाट उरते. जे भराभर उगवते तेच लावायचे.

कायद्याचीही हीच गत आहे. शहरी भागातील झाडांच्या जतनासाठीचा राज्याचा १९७५ चा कायदा २०२१ मध्ये सुधारला. पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि झाड तोडलेच तर त्याचे वय जितकी वर्षे तितकी रोपे लावायची तरतूद आली. ती सात वर्षे सांभाळायची, जिओ-टॅगिंग करायचे, हे सगळे स्वागतार्ह आहे. पण लावताना रोप सहा ते आठ फूट उंच हवे या अपेक्षेचा परिणाम बघा. सहा फूट उंच सप्तपर्णी किंवा पेल्टोफोरम कुठल्याही रोपवाटिकेत मिळते. सहा फूट उंच, निरोगी मुळांचा धावडा मिळवून दाखवा. चांगल्या हेतूने घातलेली अट मंद वाढणाऱ्या झाडाला दारातच अडवते. शिवाय शंभर वर्षांच्या वडाच्या बदल्यात शंभर रोपे, हे गणित कागदावरच जमते.

वडाच्या बाबतीत ते का जमत नाही हे जरा थांबून सांगितले पाहिजे. वड, पिंपळ, उंबर, पायर, नांद्रुक ही सगळी एकाच कुळीची, आणि यातल्या प्रत्येकाचे परागीभवन करणारी बारीक गांधीलमाशी वेगळी. उंबराची वडाला चालत नाही. मादी माशी फळाच्या तोंडाशी असलेल्या चिंचोळ्या वाटेने आत शिरते, अंडी घालते आणि मरते. नवी पिढी बाहेर पडते तेव्हा तिचे आयुष्य एक-दोन दिवसांचे असते. तेवढ्या वेळात तिला त्याच जातीचे, नेमक्या अवस्थेतली फळे असलेले दुसरे झाड गाठावे लागते. म्हणूनच एकाच परिसरातले वड एकाच वेळी फळत नाहीत. आज हा, महिन्याने तो. बारा महिने कुठेतरी फळ असते, आणि आपला राज्यपक्षी हरियाल त्यावर जगतो. रस्ता रुंदीकरणात दुतर्फा असलेले जुने वड एका हंगामात गेले की ही साखळी तुटते. बदली रोपे फळू लागेपर्यंतच्या काळात ती कुठून जोडायची? अशा ठिकाणी रस्त्याची आखणी दहा मीटर सरकवणे हाच खरा उपाय असतो, आणि तो पुष्कळदा शक्यही असतो.

सोबतीची गरज इतर झाडांनाही असते. चंदन आपल्या मुळांनी शेजारच्या झाडाच्या मुळातून काही अन्नद्रव्ये घेते, म्हणून जाणकार शेतकरी रोपाशेजारी आधी तूर लावतो आणि पुढे कायमचा जोडीदार देतो. एकटे लावलेले चंदन खुरटते. सीता अशोकाला ओढ्याकाठचा ओलावा आणि कोवळ्या वयात मोठ्या झाडांची सावली लागते. तो भर उन्हात दुभाजकावर लावला तर पाने करपून जातो, आणि मग 'देशी झाड जगत नाही' असा शेरा त्याच्यावर बसतो. कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत कोणते काय निघेल हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही, म्हणून बागायतदाराला कलमे हवी असतात. जंगल उभे करायचे असेल तर मात्र दोन्ही लागतात.

आणि जागा. 'देशी' या शिक्क्यावर भागवून चालत नाही, कारण झाड देशाचे नसते, एका मातीचे आणि एका पावसाचे असते. सातारा जिल्हा घ्या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावमध्ये तो पाचशेच्या आसपास असतो. महाबळेश्वरच्या जांभ्यावर अंजनी, पिसा, जांभूळ, हिरडा यांची सदाहरित राई. माणच्या मुरमाड माळावर हिवर, बोर, बाभूळ, आणि तीही दूर दूर. एका जिल्ह्याला एकच यादी पाठवली की दोन्हीकडचे नुकसान ठरलेले. सप्तपर्णी देशीच आहे, पण ओल्या रानातली. कोरड्या शहरांच्या रस्त्यांवर तिच्या रांगाच्या रांगा लावल्या गेल्या, आणि आता तिच्या फुलोऱ्याच्या दिवसांत उग्र वासामुळे लोक दारे-खिडक्या बंद करून घेतात. दोष झाडाचा नाही.

माळरानांबद्दल तर मला फारच कळवळून सांगावेसे वाटते. सोलापूर, बारामती, सासवड या पट्ट्यातली गवताळ माळराने सरकारी दप्तरात 'पडीक' म्हणून नोंदवली गेली, आणि पडीक म्हणजे लागवडीला मोकळी असे समीकरण झाले. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झाले. माळढोकाला लांबवर नजर पोचणारा उघडा माळ लागतो. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक पक्षी, धनगरांची मेंढरे, सगळी याच गवतावर. तिथे दाट झाडी लावणे हा त्या जागेवर घातलेला घालाच आहे, मग ती झाडी कितीही देशी असो. कास पठारासारखे सडेही तसेच. तिथली चार महिन्यांची फुले उघड्या कातळावर, उथळ मातीत येतात, आणि सावली पडली तर ती संपतील. काही जागांची गरज झाड न लावणे हीच आहे. हे मान्य करायला लागवडीच्या उद्दिष्टात वाव नाही, तो ठेवला पाहिजे.

हाच विचार मियावाकी जंगलांना लावावा. ही पद्धत मांडणारे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांचा आग्रह त्या त्या जागेच्या मूळ वनस्पतींचा होता. आपण त्यातले दाटीने लावणे तेवढे उचलले. चौरस मीटरला तीन-चार रोपे कोकणात कदाचित खपतील. मराठवाड्याच्या पानगळीच्या रानात निसर्गतःच झाडांमध्ये अंतर असते, आणि तिथे अशी दाटी टँकरच्या पाण्यावरच जगते. शाळेच्या आवारात, कारखान्याच्या कडेला लहानसा तुकडा करायला हरकत नाही. त्याला जंगल म्हणून कुठल्या तोडीची भरपाई दाखवू नये.

कुणी म्हणेल, मग गुलमोहर आणि वर्षावृक्ष तोडायचे का? अजिबात नाही. उभे झाड सावली देते आहे तोवर ते राहू द्यावे, आणि मेल्यावर त्या जागी काय लावायचे ते ठरवावे. चिंच मूळची आफ्रिकेतली. पण ती इतक्या शतकांपूर्वी आली की तिच्याशिवाय आपले गाव डोळ्यासमोर येत नाही, आणि ती इथल्या रानाला हटवून पसरली नाही. झाडांच्या कुळाची शुद्धता तपासत बसण्यात मला रस नाही. इथल्या जीवांना त्याचा काय उपयोग होतो आणि ते दुसऱ्याची जागा बळकावते का, एवढे बघावे. कोनोकार्पस या परदेशी शोभेच्या झाडावर गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातली, ती अशाच अनुभवातून. आणि शहरात देशी झाड टिकत नाही हा आक्षेप घेणाऱ्यांनी बुंध्याकडे पाहावे. पेव्हर ब्लॉक खोडाला घासून बसवलेले असतात. दिल्लीच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितले होते. तेवढी जागा मिळाली तर बकुळ, करंज, ताम्हण, पुत्रंजीव, वावळ ही शहरात उत्तम वाढणारी झाडे आहेत. ताम्हण तर आपले राज्यफूल.

मग करायचे काय? पहिले म्हणजे जिथे जमिनीत मुळे शिल्लक आहेत तिथे खड्डे खणूच नयेत. सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या कित्येक उघड्या दिसणाऱ्या उतारांवर तोडलेल्या ऐन-धावड्याचे बुंधे मातीत जिवंत असतात. वणवा, चराई आणि कुऱ्हाड काही वर्षे थांबवली की तेच फुटून वर येतात. हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून डोंगर हिरवे करून दाखवले. लाखो रुपयांच्या लागवडीपेक्षा दोन रखवालदार आणि उन्हाळ्याआधी वणवा अडवण्यासाठी काढलेले जाळपट्टे अनेकदा जास्त झाडे देतात.

दुसरे, रोपवाटिकेशी करार एका वर्षाचा नको, तीन वर्षांचा हवा, आणि खरेदीची हमी आधी हवी. प्रत्येक तालुक्यात बी घेण्याजोग्या जुन्या, निरोगी मातृवृक्षांची नोंद व्हावी. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात अभ्यासलेल्या देवराया हे त्यासाठीचे आयते बीजभांडार आहे. देवाच्या नावाने राखलेल्या या रायांतून, गावाची परवानगी घेऊन, बी मिळू शकते. बी एकाच झाडाचे न घेता अनेक झाडांचे घ्यावे, नाहीतर पुढची सगळी राई एकाच आईची होते आणि एका रोगात आडवी पडते. हे वेचण्याचे काम वस्तीवरच्या बायकांच्या बचत गटांना द्यावे, आणि दर जातीनुसार ठरवावा. मुठीत मावणाऱ्या चारोळीच्या बियांचे कष्ट आणि टोपलीभर करंजाचे कष्ट सारखे नसतात. तिसरे, मोजणी पहिल्या उन्हाळ्यात न करता तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी व्हावी, ठेकेदाराचे पैसे त्याप्रमाणे टप्प्याने सुटावेत, आणि वरचा शेंडा वाळलेले रोप मुळापाशी तपासल्याशिवाय 'मृत' धरू नये.

यातल्या बऱ्याच गोष्टींना नवा कायदा लागत नाही, वेळापत्रक लागते. मोहाचे बी जूनच्या आसपास पडते. ते विकत घ्यायचे तर तरतूद मार्चमध्ये आणि मंजुरी मेच्या पहिल्या आठवड्यात हातात हवी, आणि त्यातून तयार झालेले रोप कोण, किती दराने, दोन वर्षांनी उचलणार हे त्याच कागदावर लिहिलेले हवे. जिल्हा नियोजन समितीत वृक्षलागवडीचा आकडा मांडला जाईल तेव्हा तिथल्या सदस्यांनी बियाणे खरेदीचा रकाना आधी मागावा. तो कोरा असेल, तर पुढच्या आकड्याला मंजुरी देऊ नये.